धुऱ्यापलीकडचा हरभरा

आबासाहेब देशमुखांना घास गोड लागत नसे, अन् त्याला कारण एकच. धुऱ्यापलीकडं किशनरावही जेवत असे.

दोघं सख्खे चुलतभाऊ. एकाच घरात दोन महिन्यांच्या अंतरानं जन्मलेले. आबासाहेब थोरले, म्हणून देशमुखीचा मान त्यांच्याकडं. पण देशमुखी निजामाबरोबर गेली, आणि मान काही रानात पेरता येत नाही. ताडकळसच्या अलीकडं दोन कोसांवर त्यांची जमीन, आजोबांनी मधोमध धुरा, म्हणजे बांध, घालून सारखी वाटलेली. माती दोन्हीकडं तीच काळी, पाऊस तोच. तरी किशनरावानं विहीर खांदली तर वीस हातांवर पाणी लागलं, आणि आबासाहेबांनी चाळीस हात खांदली तर खडक. किशनरावाची म्हैस पारडी द्यायची, यांची टोणगा. किशनरावानं रेडिओ आणला आणि गाव त्याच्या ओट्यावर बसायला लागलं, म्हणून यांनी त्याहून मोठा आणला. लोक आले, ऐकलं, आणि उठताना एकानं विचारलं की किशनरावाकडं लागतात ती गाणी यावर लागतात का. त्या दिवसापासून तो रेडिओ फडक्यात गुंडाळून कोनाड्यात ठेवलेला आहे.

ताप आला तर उतरतो, गळू झालं तर फुटतं. हे दुखणं तसलं नव्हतं. सकाळी रानात गेले की आबासाहेब आधी पलीकडं बघायचे, मग आपल्या पिकाकडं. पलीकडचं बरं दिसलं की दिवस नासला. त्यातही खुपायचा तो हरभरा. किशनरावाचा हरभरा दरसाल गच्च, एकेक झाड टोपलीएवढं. आबासाहेबांचा उंच, किडकिडीत, चार फांद्यांचा. बी दोघांचं एकाच पोत्यातलं. आबासाहेब म्हणायचे, आजोबांनी वाटणीत डावं-उजवं केलं.

या दुखण्याला तोंड फुटलं ते मुंजाजीच्या मेंढरांनी. मुंजाजी हटकर दिवाळी झाली की दोनशे मेंढरं घेऊन गावात यायचा. ज्याच्या रानात कळप बसंल त्याला लेंडीखत, आणि मुंजाजीला त्या घरची ज्वारी, असा रिवाज. कळप पहिल्यांदा कोणाच्या रानात जाणार, याला मान होता, आणि तो थोरल्या घराचा. पण सात वर्षांमागं मुंजाजीची बायको बायनाबाई बाळंतपणात अडली. किशनरावानं स्वतः गाडी जुंपून तिला परभणीला नेलं आणि ती वाचली. त्या सालापासून मुंजाजी कळप आधी किशनरावाच्या रानात न्यायला लागला. पहिल्या साली तिथून उठवून तो हात जोडून आबासाहेबांच्या ओट्यासमोर उभा राहिला, तर हे वरून कडाडले, "किशनची उष्टी मेंढरं माझ्या रानात न्हाईत. पाय टाकला तर तंगडं मोडीन."

किशनराव आणखी एक करायचा. हरभरा महिन्याचा झाला, की दव वाळल्यावर मेंढरं त्याच्यातून चालती काढायचा. कुठं थांबू द्यायची नाहीत, जाता जाता शेंडे तेवढे खुडले जायचे. बाया भाजीला शेंडे खुडतात तसंच ते, आणि शेंडा खुडला की झाड रुंद फुटतं हे गावातल्या कोणत्याही बाईला ठाऊक. बघून बघून आणखी चार-पाच जण तसं करायला लागले. आबासाहेबांनीही ते धुऱ्यावरून सात वर्षं बघितलं आणि अर्थ काढला तो असा, की किशन आता एवढा माजलाय, उभ्या पिकात जनावरं घालायलाय. त्यांच्या बायकोनं, कस्तुराबाईनं, एकदा चाचरत म्हटलं की आपणही काढून बघावी का. दोन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन दीड वर्ष झालं होतं, त्या सालच्या मार्गशीर्षातली ही गोष्ट. आबासाहेब सेलूला भाचीच्या लग्नाला गेले. किशनराव अक्षता टाकून त्याच दिवशी परतला. आबासाहेब तीन दिवस राहिले, कारण जास्त मानाचा मामा कोणता हे व्याह्यांना कळायला नको का? चौथ्या दिवशी एसटीतून उतरून ते परस्पर रानात गेले आणि धुऱ्यावरच थबकले. चार एकर हरभरा या टोकापासून त्या टोकापर्यंत बोडका. शेंडा म्हणून एका झाडाला नाही. सगळीकडं मेंढरांचे खूर आणि लेंड्या. सालगडी अंगद खाली मान घालून उभा होता. तो म्हणाला, मुंजाजीची मेंढरं शिरली, मी गावात होतो.

खरं सांगायचं तर आबासाहेबांना वाईट वाटलंच नाही. उलट अंगात तरतरी आली. इतकी वर्षं किशनरावावर बोट ठेवायला जागा सापडत नव्हती, ती आज चार एकर सापडली. देशमुखाच्या रानावर मेंढरं सोडायची हिंमत मुंजाजीची नव्हे. किशननं सोडायला लावली, आपण गावात नाही हे बघून सोडायला लावली, म्हणूनच तर तो लग्नातून लवकर पळाला.

संध्याकाळच्या आत त्यांनी ओट्यावर गाव गोळा केलं. किशनराव आपणहून आला. तो म्हणाला, मला यातलं काही ठाऊक न्हाई आबा, यंदा मुंजाजीला यायला उशीर झाला, मेंढरं माझ्याकडं अजून आलीच न्हाईत. आबासाहेब म्हणाले, चोराच्या मनात चांदणं. तेवढ्यात बातमी आली की आरडाओरडा ऐकून मुंजाजी कळप हाकत नदीपलीकडं गेला. मग काय, कर नाही त्याला डर कशाला, हे सगळ्यांना पटलं. कस्तुराबाई आतल्या दारात उभी होती. ती दोनदा उंबऱ्यापर्यंत आली आणि दोनदा माघारी फिरली.

जाणती माणसं म्हणाली, गावात मिटवा. पण आबासाहेबांच्या डोळ्यांपुढं आजोबा उभे होते. रोहिल्यांनी एका सुगीला देशमुखांची खळी लुटली, तेव्हा आजोबा घोड्यावर बसून थेट हैदराबादला गेले, सहा महिने देवडीवर बसून राहिले, आणि मोहरेचा हुकूम घेऊनच परतले. ते ज्या गावावरून आले, त्या गावच्या लोकांनी उठून रामराम घातला. तो हुकूम पत्र्याच्या नळीत घरात होता. तो वाचता कोणालाच येत नव्हता, त्यामुळं त्याचा मान कमी झाला नव्हता. आबासाहेबांना तसाच कागद हवा होता, किशनरावाचं नाव घातलेला, सरकारी शिक्क्याचा. सुंभ जळतो, पीळ जळत नाही म्हणतात ते काही उगाच नाही.

दुसऱ्या दिवशी काळा कोट, जरीचा फेटा आणि काखेत पत्र्याची नळी असे ते परभणीला कलेक्टर कचेरीत हजर झाले. कारकुनानं नळीतला कागद उलटा धरून बघितला आणि याची खरी नक्कल जोडली का म्हणून विचारलं. साहेब लवकर भेटणार नव्हते. नामांतराच्या लाँग मार्चचा बंदोबस्त होता, फोन वाजायचे थांबत नव्हते. गावोगाव माणसं नामांतराच्या एका बाजूनं नाहीतर दुसऱ्या बाजूनं उभी होती. आबासाहेबांना एकच बाजू ठाऊक, किशनरावाच्या विरुद्धची.

बाकावर शेजारी सिताराम नावाचा एक माणूस बसला होता. नामांतराच्या दंगलीत त्याच्या वस्तीवरचं घर जाळलं होतं, आणि दीड वर्ष झालं तो या बाकावर येत होता. आबासाहेबांनी आपलं गाऱ्हाणं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि तो म्हणाला, "नुकसान दिसायला पायजे, देशमुख. पंचनाम्यापतुर मी राख हालवली न्हाई. दिसलं न्हाई तर ते लिहीत न्हाईत."

त्या माणसाला शिपायानं आधी आत बोलावलं. आणि आबासाहेबांना, देवा शपथ, जळलेल्या घराच्या त्या माणसाचाही हेवा वाटला. त्याचं नुकसान कसं कोणालाही दिसण्यासारखं होतं.

त्यांचाही नंबर लागला. दोनशे मेंढरं घालून उभं पीक नष्ट केलं, करविता धनी किशनराव, असा अर्ज होता. साहेबांनी वाचला, तहसीलकडं चौकशीला पाठवतो म्हणाले, आणि पंचनामा होईपर्यंत रान आहे तसं ठेवायला सांगितलं. आबासाहेब हुरळून गावात आले. अंगदला हुकूम झाला की हरभऱ्यात कोणी पाय टाकायचा नाही. खुरपणी नाही, काही नाही.

लाँग मार्चचा बंदोबस्त संपला तर निवडणूक लागली. तलाठ्यापासून साहेबांपर्यंत सगळे मतपेट्यांच्या मागं. सरकारी काम अन् सहा महिने थांब. आबासाहेब दर आठवड्याला परभणीला जाऊन बाकावर बसायचे आणि अर्ज कुठंवर आला विचारून यायचे. गावात मात्र रान काही थांबून राहिलं नाही.

आधी बोडक्या झाडांना बगलेतून बारीक फुटवे आले. मग पंधरा दिवसांत ओळी एकमेकींना भिडल्या. पौष लागला तसं चार एकरांत मातीचं ढेकूळ दिसेना. पानांवर आंब एवढी धरायची, की सकाळी रानातून गेलं तर धोतर आंबट व्हायचं. असला हरभरा देशमुखांच्या रानात कोणी बघितला नव्हता. रस्त्यानं जाणारी माणसं बैल थांबवून बघायची. पलीकडं किशनरावाचा हरभरा त्या साली उंच आणि किडकिडीत झाला, कारण मुंजाजी गेला तो गेलाच, त्याच्या पिकावरून मेंढरं फिरलीच नाहीत. आबासाहेबांच्या उभ्या हयातीत पहिल्यांदा धुरा उलटा झाला होता.

आणि आबासाहेबांना काय दिसलं? त्यांना दिसलं की अर्ज खोटा पडायलाय. किशनराव रोज सकाळी धुऱ्यावर येऊन उभा राहतो, बराच वेळ इकडं बघतो आणि जातो. हसायलाय लेकाचा, ते म्हणायचे. पंचनाम्याला साहेब येतील, भरलेलं रान बघतील, आणि हा सगळ्या गावासमोर दात काढील. झाडावर घाटे धरायला लागले तसे आबासाहेब वाळायला लागले.

संक्रांतीनंतर तलाठ्याचा निरोप आला, की परवा नायब तहसीलदार साहेब पंचनाम्याला येणार आहेत, दोन्ही पार्ट्यांनी हजर राहावं. मुंजाजीलाही समन्स गेलं होतं. आबासाहेबांनी रात्रभर कूस बदलली आणि सकाळी अंगदला गोठ्यातली सगळी जनावरं हरभऱ्यात सोडायला सांगितलं. अंगदनं दावं हातात घेतलं आणि परत खुंटीला अडकवलं. तो म्हणाला, मालक, वर्षाचं सालगडीपण आजच तोडा, पण घाटे धरल्या पिकात बैल घालायचं पाप माझ्याच्यानं व्हायचं न्हाई.

कस्तुराबाई आडवी आली. अर्ज मागं घ्या, ती म्हणाली, लागल्यास मी पाया पडते, पण हरभरा राहू द्या. त्यांनी विचारलं, मग किशन हसला तर? ती वाटेतून बाजूला झाली.

मग आबासाहेबांनी स्वतः बैल सोडले. चार बैल, दोन म्हशी, तीन गाई. जनावरंसुद्धा आधी बांधावर अडून राहिली. आजवर त्याच हातानं पिकातून काठी मारून बाहेर काढलेली, त्यांना खरं वाटेना. त्यांनी काठी घालून ती आत हाकली आणि दिवस मावळेपर्यंत या टोकापासून त्या टोकाला फिरवली. जिथं एखादं झुडूप उभं राहिलं, तिथं स्वतःच्या वहाणेनं रगडलं. पायाखाली ओले घाटे फुटत होते. नाक कापून अपशकुन करायची म्हण आपल्याकडं आहे, पण नाक कापताना ते किती दुखतं, हे म्हणीत सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांची जीप आली. साहेब पोरसवदा होते, पण शेतकऱ्याच्या घरचे असावेत. धुऱ्यावर गाव उभं होतं. किशनराव एका बाजूला, आणि समन्स मिळालं म्हणून दोन दिवस चालत आलेला मुंजाजी घोंगडी सांभाळत त्याच्या मागं. आबासाहेब फेटा बांधून पुढं झाले आणि हात फिरवून म्हणाले, "बघा साहेब. ही माझी लूट."

साहेब रानात शिरले, वाकले, एक मोडलेलं झाड उचललं, शेणाला काडी लावून बघितली. मग त्यांनी अर्ज परत एकदा वाचला.

"देशमुख साहेब, अर्जात मेंढरं आहेत आणि महिना मार्गशीर्ष आहे," ते म्हणाले. "हे शेण बैलाचं आहे. कालचं आहे."

तलाठी आभाळाकडं बघायला लागला. साहेबांनी मुंजाजीला पुढं बोलावून मेंढरं घातली होती का म्हणून विचारलं. मुंजाजीनं गावाच्या वाटेकडं एकदा बघितलं आणि म्हणाला, मालक म्हणत्यात तर घातली असतील.

त्या वाटेनं कस्तुराबाई येत होती. देशमुखाची बाई, साहेबासुभ्यासमोर कधी उभी न राहिलेली. पदर कपाळावर ओढून ती माणसांतून पुढं आली.

"त्याला नका विचारू," ती म्हणाली. "मेंढरं मी घालायला लावली. ह्ये सेलूला गेल्यावर मुंजाजीला निरोप धाडला, दोन पायल्या जवारी दिली, ह्यांला सांगायचं न्हाई म्हणून शपथ घातली. अन् आधी आमच्या रानात आण, किशनभावजीकडं मागून जा, म्हणलं. न्हाईतर ह्ये उष्टी म्हणतेत. यंदा पयलं पाऊल ह्यांच्याच रानात पडलं होतं, साहेब."

आबासाहेबांच्या हातातली काठी खाली टेकली. सात वर्षं ज्या मानासाठी ते जळत होते, तो घरी चालत आला होता, आणि त्यांनी त्याच्यावर अर्ज केला होता. मग ते एवढंच म्हणाले, की मला सांगितलं का न्हाईस.

"सांगू कवा दिलं?" कस्तुराबाई म्हणाली. "आल्याबरुबर तुमाला किशनभावजी दिसले. रान तुमी बघितलंच न्हाई. म्हणलं, पंधरा दिसांत हरभराच बोलंल. तो बोलला बी. तुमी त्याच्यावर बैल घातले."

ती माघारी वळली आणि आली तशी चालत गेली. मुंजाजीनं तिला वाट सोडली.

साहेबांनी कागद पुढं केला, अर्ज मागं घेत असल्याचा. आबासाहेबांनी सही केली. आजोबांच्या हुकमावर होती तसली मोहर काही त्याच्यावर नव्हती. जीप गेली, गाव पांगलं. हसलं मात्र कोणी नाही, आणि त्यांना वाटलं की हसले असते तर बरं झालं असतं.

धुऱ्यावर दोघंच राहिले. किशनराव खाली बसला होता. त्याच्या हातात मुळासकट उपटलेलं एक झाड होतं, टोपलीएवढं, अजून काही घाटे शाबूत असलेलं. ते तो उलटसुलट करून बघत होता.

"आबा," तो म्हणाला, "आता सांगायला हरकत न्हाई. तुझा हरभरा बघून मला जेवण जात नव्हतं. पन्नास वर्षांत पयल्यांदा. रोज सकाळी उठलो की आधी तुझ्या रानाकडं यायचो, मग माझ्या. हितं उभं राहून मनात म्हणायचो, याच्यावर गारपीट का पडंना. लाज वाटायची, पण म्हणायचो."

आबासाहेब सावकाश त्याच्या शेजारी, उघड्या धुऱ्यावर, फेट्यासकट खाली बसले.

"खरंच?" त्यांनी विचारलं.

"खरंच."

"जेवण जात नव्हतं म्हणजे, अजिबात?"

"एक भाकर जायची. दुसरी सरत नव्हती."

"किती दिवस?"

"पंधरा दिवस झाले असतील."

आबासाहेबांनी त्याच्या हातातलं झाड घेऊन मांडीवर ठेवलं. पंधरा दिवस. सगळ्या जन्मात जे मागितलं ते पंधरा दिवस त्यांच्या मालकीचं होतं, आणि त्यातला एक दिवसही त्यांनी ते बघितलं नव्हतं. पलीकडं किशनरावाचा हरभरा होता, किडकिडीत, चार फांद्यांचा, पण उभा. आबासाहेब त्याच्याकडं बघत होते आणि किशनरावाला परत परत विचारत होते, पहिल्यापासून सांग, आधी कोणत्या दिवशी तुझी नजर गेली.